चित्ता म्हणजे नुसता ‘ठिपकेवाला’

प्रश्न असा आला आहे : मराठीत चित्ता, हिंदीत चीता आणि इंग्रजीतही जवळपास चीताच, मग हा शब्द मुळात कोणाचा? बंगाली मित्र बिबट्याला ‘चिताबाघ’ म्हणतो, तो चुकतोय का? आणि इंग्रजीतल्या ‘चीट’शी, म्हणजे फसवण्याशी, याचा काही संबंध आहे का?

तिसरा प्रश्न आधी निकालात काढते, कारण तो सोपा आहे. संबंध नाही. इंग्रजीतला ‘चीट’ हा ‘एस्चीट’ या जुन्या कायद्यातल्या शब्दाचा तुकडा आहे. बेवारस जमीन सरकारजमा करणं म्हणजे एस्चीट. ती जमा करणारे अधिकारी काय काय उद्योग करत, त्यावरून त्या शब्दाला लबाडीचा वास लागला. आपल्या जनावराचा त्यात दोष नाही.

उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. शब्द आपल्याकडचा, संस्कृत ‘चित्र’पासून निघालेला, आणि इंग्रजीने तो इथूनच नेला. तुमचा बंगाली मित्रही चुकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे सांगायला मात्र थोडं सविस्तर लिहावं लागेल.

हे मी ठेच लागून शिकले आहे. वीस-बावीस वर्षं कोशाच्या नोंदी लिहिणं आणि भाषांतर करणं हाच माझा धंदा. सुरुवातीच्या काळात एका बंगाली बालकथेचं मराठी करत होते. उत्तर बंगालमधला चहाचा मळा, पहाटेचं धुकं, पानं खुडणाऱ्या बाया आणि झुडपात दबा धरून बसलेला ‘चिताबाघ’. मी बिनदिक्कत ‘चित्ता’ लिहिलं. पुस्तक छापून आलं आणि महिन्याभरात एका निवृत्त वनाधिकाऱ्याचं पोस्टकार्ड आलं : ‘बाई, चहाच्या मळ्यात चित्ता कुठून आणलात? तो माळरानावर धावणारा प्राणी. झुडपात बसतो तो बिबट्या.’ कार्ड अजून माझ्या शब्दकोशात खुणेसाठी ठेवलेलं आहे. बंगालीत चिताबाघ म्हणजे बिबट्या. नेपाळीत ‘चितुवा’ म्हणजेही बिबट्याच. शब्द तोच, जनावर वेगळं.

याचं कारण शब्दाच्या पोटातच आहे. ‘चित्र’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवरची तसबीर येते, पण वेदांतल्या ‘चित्र’चा पहिला अर्थ तो नाही. ‘चित्’ म्हणजे जाणणं, दिसून येणं, या धातूपासून तो आला. चित्र म्हणजे लख्ख, उठून दिसणारं, नजरेत भरणारं. त्यातून पुढे रंगीबेरंगी, ठिपक्याठिपक्यांचं, आणि शेवटी रंगवलेलं, असा अर्थ सरकत गेला. ‘विचित्र’मध्ये जुना अर्थ अजून शिल्लक आहे. या कुळाचे नातलग लांबवर पसरले आहेत. जर्मनमध्ये निरभ्र आकाशाला आणि प्रसन्न माणसाला ‘हाइटर’ म्हणतात, तो याच घरातला. आपला ‘केतू’ही याच कुळातला, आणि त्या केतूचा सख्खा भाऊ इंग्रजीत ‘चाइल्डहूड’मधला ‘हूड’ होऊन बसलाय. ओळख दाखवल्याशिवाय पटत नाही, पण नातं पक्कं आहे.

तर ‘चित्रक’ किंवा ‘चित्रकाय’ म्हणजे ठिपकेदार अंगाचा. बस, एवढंच. हे नाव प्राण्याचं नाही, त्याच्या कातड्याचं आहे. आणि ठिपकेदार कातडं काही एकट्याच्या मालकीचं नसतं. रानात हरीणही ठिपक्यांचं असतं. ते ‘चित्रल’, म्हणजे आपलं चितळ. तोही इंग्रजीत ‘चितल’ म्हणून गेलाच. चित्ता आणि चितळ, म्हणजे खाणारा आणि ज्याच्यासारख्यांना तो खातो तो, दोघांची नावं एकाच शब्दातून निघाली. चित्रक नावाची एक औषधी वनस्पतीही आहे, जिच्या नावाची वटी पोटाच्या तक्रारीसाठी घरोघरी असते. वैद्यकाच्या जुन्या पोथीत ‘चित्रक’ दिसला म्हणून लगेच जनावर शोधायला धावू नका.

आता ‘चित्ता’ या मराठी रूपाकडे. मला यात जास्त रस आहे, कारण इथे एक गंमत आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. संस्कृतातला ‘त्र’ प्राकृतात ‘त्त’ होतो आणि मराठीत पोहोचेपर्यंत जोडाक्षर गळून एकेरी ‘त’ उरतो. सूत्र, सुत्त, सूत. गोत्र, गोत्त, गोत (गणगोतातलं). क्षेत्राचं शेत, रात्रीची रात, पत्राची कांद्याची पात. मग चित्रकाचं काय व्हायला हवं होतं? नियमाने ‘चिता’. हिंदीत नियम पाळला गेला : चित्त आकसून ‘चीता’ झाला, ई दीर्घ झाली. मराठीत ‘चित्ता’तला दुहेरी ‘त्त’ जसाच्या तसा आहे, म्हणजे हे घरात वाढलेलं लेकरू दिसत नाही. खेळायच्या पत्त्यांतल्या ‘पत्ता’ या शब्दासारखंच हे बाहेरून आलेलं पाहुणं आहे. पात आपली, पत्ता उत्तरेकडचा. तसाच हा चित्ता. गुजरातीतही ‘चित्तो’ आहे, तिथेही त्त दुहेरीच. माझा अंदाज असा की हा शब्द दख्खनी, म्हणजे दक्षिणेतली हिंदी-उर्दू, बोलणाऱ्या शिकारी लोकांच्या तोंडून, दरबारी शिकारीबरोबर, मराठीत स्थिरावला. शिवाय नियमाने झालेला ‘चिता’ स्मशानातल्या चितेला जाऊन धडकला असता. भाषा अशा धडका टाळतेच असं नाही, पण एखादं परकं रूप आयतं हाताशी असलं तर तेच उचलते.

मग संस्कृतात बिबट्याला काय म्हणत? ‘द्वीपी’. द्वीप म्हणजे बेट. ज्याच्या अंगावर बेटं आहेत तो द्वीपी. मला हे नाव फार आवडतं, कारण ज्याने ते ठेवलं त्याने जनावर जवळून पाहिलं होतं. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके भरीव नसतात. काळ्या डागांचं कडं आणि मध्ये पिवळट जमीन, म्हणजे सपाट पाण्यात बेटं दिसावीत तसं. चित्त्याचे ठिपके मात्र भरीव, गोल, शाईच्या बोटाने एकेक टेकवल्यासारखे, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ, अश्रू ओघळून वाळावा तशी. बेटवाला आणि ठिपकेवाला, हा फरक भाषेने खरं तर उत्तम टिपला होता. पण कोशात शिरल्यावर सगळा गोंधळ. अमरकोशात बघा : ‘शार्दूलद्वीपिनौ व्याघ्रे’. म्हणजे शार्दूल काय, द्वीपी काय, दोन्ही व्याघ्राचेच पर्याय! अमरसिंहाला दोष देत नाही. त्याला पाठांतरासाठी श्लोक रचायचे होते, प्राण्यांची गणती करायची नव्हती. त्याच ओळीत पुढे ‘तरक्षुस्तु मृगादनः’ आहे. तो तरक्षु म्हणजे आपला तरस. हा शब्द मात्र घरच्या वाटेने, नियमाने आलेला.

द्वीपीची वंशावळ भारताच्या नकाशावर पाहण्यासारखी आहे. मराठी, हिंदीत तिचा मागमूस नाही, पण गुजरातीत बिबट्याला ‘दीपडो’ म्हणतात. आणि थेट खाली सिंहलीत गेलात तर ‘दिविया’. मधला सगळा प्रदेश सोडून दोन टोकांना एकच जुना शब्द टिकून राहिला. श्रीलंकेत तर हा बेटवाला प्राणी स्वतःच बेटावर राहतो. शब्द सुटतो तेव्हा आधी मधून सुटतो, कडेला राहतो. बोलींचा अभ्यास करणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो.

मराठी गावात मात्र या बारकाव्यांशी कोणाला देणंघेणं नव्हतं. जुन्नरच्या उसात राहणारा बिबट्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही ‘वाघ’च असतो. ‘काल वाघानं कुत्रं नेलं’ असं तो म्हणतो तेव्हा त्याला बिबट्याच म्हणायचं असतं. खरा वाघ वेगळा सांगायचा झाला तर पट्टेवाला, ढाण्या अशी विशेषणं लावतात. वाघोबाच्या दगडी मूर्तीला शेंदूर लावताना ठिपके की पट्टे, हे कोणी विचारत नाही. काही मूर्तींवर तर दोन्ही रंगवलेले दिसतात. हे अज्ञान नव्हे. गावाला फरक हवा असतो तो जनावर शेळी नेतं की बैल पाडतं, एवढाच. नाव कामापुरतं असतं.

मग चित्त्याला वेगळं नाव हवं कोणाला होतं? ज्यांचं त्याच्यावाचून अडत होतं त्यांना, म्हणजे त्याला पकडणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना आणि त्याच्याकडून शिकार करवणाऱ्यांना. नावाला पक्का मालक मिळाला तो इथे.

मांजरकुळातल्या मोठ्या जनावरांत चित्ता हा एकटा असा की तो माणसाळतो, आणि माणसाळला तरी शिकार विसरत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्त्याकडून हरणांची शिकार कशी करवायची याचं वर्णन आलं आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ वेगळ्या कारणाने माहीत असतो, त्यात जुन्या मराठीतल्या काही गीतपंक्ती आहेत. म्हणजे दख्खनच्या दरबारात मराठी गाणं आणि चित्त्याची शिकार एकाच पोथीत नांदत होती.

चित्ता पिंजऱ्यात सहजासहजी विणत नाही, ही या धंद्याची मोठी अडचण. जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की बापाने, म्हणजे अकबराने, हजारापर्यंत चित्ते जमवले, त्यांची वीण व्हावी अशी त्याची फार इच्छा होती, पण ते काही जमलं नाही. पुढे त्याच्या स्वतःच्या काळात एका जोडीला तीन पिल्लं झाली. त्याला ते इतकं नवल वाटलं की त्याने टिपून ठेवलं. वीण नाही म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून धरून आणायला हवा, आणि तोही मोठा झालेला. आईकडून शिकार शिकायच्या आधीच उचललेलं पिल्लू पुढे काही कामाचं नसतं. माणूस त्याला शिकवतो ते आज्ञा पाळायला आणि माणसाजवळ राहायला. धावायला, पाडायला त्याची आईच शिकवते. धरण्याचं काम पारध्यांचं. चित्ते माळावरच्या ठरावीक झाडांपाशी पुन्हा पुन्हा येतात, बुंध्याला नखं घासतात, खेळतात. पारध्यांनी ते झाड हेरलं की त्याच्याभोवती फास लावायचे. मध्य प्रांतातल्या पारध्यांच्या पोटजातींत ‘चित्ता पारधी’ असं नावच नोंदलेलं आहे. जनावराचं नाव माणसांच्या जातीला चिकटलं, इतका तो धंदा पक्का होता.

धरलेला चित्ता मग जाई तो चित्तेवानाकडे. गाडीवान, दरवान, बागवान तसा चित्तेवान. ‘वान’ फारसीतला, चित्ता इथला. शिकारीला जाताना चित्त्याला साध्या बैलगाडीवर बसवत, डोळ्यांवर चामड्याची टोपी ओढलेली. काळवीट बैलगाडीला बुजत नाही, रोजच्या शेतकऱ्याची गाडी समजून चरत राहतं. गाडी फिरत फिरत जवळ न्यायची, चित्त्याचं तोंड कळपाकडे करायचं आणि टोपी काढायची. पुढचा खेळ अर्ध्या मिनिटाचा. तो साधला तर साधला. नाही साधला तर चित्ता तिथेच बसकण मारतो, पाठलाग लांबवणं त्याच्या छातीला झेपत नाही. साधला तर चित्तेवान धावत जाऊन लांब दांड्याच्या लाकडी पळीत शिकारीचं रक्त-मांस घेऊन त्याच्या नाकासमोर धरी, म्हणजे तो गळा सोडून पळीला लागे आणि तेवढ्यात टोपी पुन्हा डोळ्यांवर. पळी उशिरा पुढे आली तर काय होतं, हे चित्तेवानाच्या हातावरच्या व्रणांवरून समजावं.

आपल्याकडे कोल्हापूर संस्थान या शिकारीसाठी नावाजलेलं होतं. राजर्षी शाहू महाराजांना तिचा मोठा शौक, आणि त्यांच्यानंतरही ती चालू राहिली. भावनगरही तसंच. गंमत अशी की तोवर हिंदुस्थानातले चित्ते इतके विरळ झाले होते की संस्थानं आफ्रिकेतून चित्ते विकत आणत. १९१८ ते १९४५ या काळात असे किमान २०० चित्ते आणले गेले. म्हणजे कोल्हापूरच्या चित्तेवानाने ज्याला ‘चित्ता’ म्हणून हाक मारली, तो बऱ्याचदा जन्माने आफ्रिकन होता. नाव इथलं, जनावर तिथलं. हे पुढे लक्षात ठेवा.

आता बाहेर जाऊ. पश्चिमेला इराणात याला ‘यूझ’ म्हणतात, किंवा ‘यूझ-पलंग’. फारसीत पलंग म्हणजे बिबट्या! आपण ज्यावर झोपतो तो पलंग संस्कृत ‘पर्यंक’पासून आला, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण फारसी शिकायला लागलेल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला हा शब्द एकदा तरी झोपेतून उठवतो. मुघल दरबाराची कागदोपत्री भाषा फारसी, त्यामुळे अबुल फजल ‘यूझ’ लिहितो. त्याच्या ग्रंथाचं एकोणिसाव्या शतकात इंग्रजी करणाऱ्याने तिथे लेपर्ड, म्हणजे बिबट्या, असं लिहिलं, आणि अकबराने बिबटे पाळले होते अशी समजूत कित्येक पुस्तकांत शिरली. अरबीत चित्ता म्हणजे ‘फहद’. सौदी अरेबियाचे दिवंगत राजे फहद यांचं नाव तेच. पण अरबांनी या प्राण्याच्या वेगापेक्षा झोपेवर जास्त बोट ठेवलं. ‘फहदपेक्षा झोपाळू’ अशी तिकडे जुनी म्हण आहे. ज्यांनी चित्ता पाळलाय त्यांचंच हे निरीक्षण असणार. दुरून पाहणाऱ्याला तो फक्त धावताना दिसतो.

इंग्रज आले तेव्हा त्यांच्याकडे या प्राण्याला पक्कं नाव नव्हतं. त्यांनी आधी कामावरून ओळखलं, ‘हंटिंग लेपर्ड’, म्हणजे शिकारी बिबट्या. डचांनीही तेच केलं, म्हणून आजच्या आफ्रिकान्समध्ये तो ‘याखलेपर्ड’ आहे. चिनी भाषेतलं आजचं नावही ‘लिए-बाव’, शिकारी बिबट्या. पण हिंदुस्थानातल्या इंग्रजाच्या कानावर शिकारखान्यातला ‘चीता’ रोज पडत होता, आणि त्याने तो उचलला. कधी एक ई, कधी दोन, शेवटी एच लावून. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तो शब्द ‘चित्रक’, ‘चित्रकाय’ या व्युत्पत्तीसकट आहे. तोवर तो इंग्रजीत पुरता रुळलेला होता, तरी साहेबांचा आपसातला गोंधळ चालूच होता. ‘लेपर्ड’ आणि ‘पँथर’ हे दोन वेगळे प्राणी आहेत यावर ते तावातावाने वाद घालत, दोन्ही बिबट्याच. ‘लेपर्ड’ या शब्दातच घोळ आहे. लिओ म्हणजे सिंह आणि पार्ड म्हणजे ठिपक्यांचं जनावर, या दोघांच्या संकरातून तो झाला अशी जुन्या युरोपची समजूत होती.

मग हिंदुस्थानातून हा शब्द इंग्रजांच्या बोटीतून आफ्रिकेला गेला. तिथे पूर्व किनाऱ्यावरच्या स्वाहिलीत त्याला ‘दुमा’ हे स्वतःचं नाव होतं, आहे. पण इंग्रजी पुस्तकांतून, नकाशांतून, अभयारण्यांच्या पाट्यांवरून ‘चीता’ रूढ झाला. बहुतेक जगाला हा प्राणी आफ्रिकेचा म्हणून माहीत आहे आणि त्याचं इंग्रजी नाव संस्कृत आहे. कोल्हापुरात उलटं झालं होतं, तिथे जनावर समुद्र ओलांडून नावापाशी आलं. इथे नाव समुद्र ओलांडून जनावरापाशी गेलं.

युरोपातल्या इतर भाषा मात्र इंग्रजीच्या मागे गेल्या नाहीत. इटालियनमध्ये ‘गात्तोपार्दो’, म्हणजे मांजर-पार्ड. ते फ्रेंचांनी घेतलं आणि झिजवून ‘गेपार’ केलं. फ्रेंचांकडून जर्मनांचा ‘गेपार्ड’, रशियनांचा ‘गेपार्द’, स्पॅनिश ‘गेपार्दो’. आणि ज्या इटालियनांनी हा शब्द दिला होता, त्यांनी तो फ्रेंचांकडून परत घेतला, ‘गेपार्दो’ म्हणून! घरचा गात्तोपार्दो त्यांच्याकडे दुसऱ्या ठिपकेदार मांजरांसाठी राहिला. माल निर्यात करून तोच दुसऱ्या डब्यात भरून आयात करायचा, हा व्यवहार भाषांत नेहमीचा आहे. पोर्तुगीज मात्र आमच्या बाजूचे निघाले. त्यांचा ‘शिता’ म्हणजे हाच प्राणी, आणि गंमत म्हणजे छापील सुती कापडालाही ते शिताच म्हणतात, आपलं चीट.

जाता जाता एक मासला. इंग्रजीत हिमबिबट्याला आणि पूर्वी शिकवलेल्या चित्त्यालाही ‘आउन्स’ म्हणत. हा मुळात लिंक्स या रानमांजराचा शब्द. जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘लोंस’ झाला. फ्रेंचांना वाटलं, यातला ‘ल’ म्हणजे आपलं उपपद, म्हणून त्यांनी तो तोडून बाजूला ठेवला आणि उरला ‘ओंस’. आपल्या नारिंगाचंही युरोपात असंच झालं, पुढचा ‘न’ गळाला आणि ऑरेंज उरलं. हिमबिबट्याच्या शास्त्रीय नावातला ‘उन्सिया’ हा तोच डोकं छाटलेला शब्द.

शास्त्रज्ञांनी तरी नीट नाव दिलं का? १७७५ मध्ये श्रेबर या जर्मन शास्त्रज्ञाने केप ऑफ गुड होपकडच्या चित्त्यावरून ‘जुबाटस’, म्हणजे आयाळवाला, असं नाव ठेवलं. मोठ्या चित्त्याला कुठली आयाळ? पण पिल्लांच्या पाठीवर राखाडी केसांची झूल असते, तिची आठवण मानेवर थोडी राहते. १८२८ मध्ये ब्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘ॲसिनोनिक्स’ हे प्रजातीनाव दिलं : न हलणारी नखं. मांजरासारखी ती पूर्ण आत ओढली जात नाहीत, धावताना जमिनीत रुततात. आशियाई उपजातीचं नाव ‘व्हेनाटिकस’, शिकारीचा. म्हणजे ठिपके, आयाळ, नखं आणि धंदा. प्रत्येकाने आपल्याला दिसलं ते धरलं.

दक्षिणेकडे जाताना एक सावधगिरी. तेलुगूत बिबट्याला ‘चिरुत’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘चिरते’, तमिळमध्ये ‘सिरुत्तै’. मराठी कानाला हे चित्त्याचेच भाऊबंद वाटतात, आणि मी हे छापील लेखात वाचलंही आहे. पण ही द्राविडी मंडळी आहेत. त्यांचं नातं ‘लहान’ या अर्थाच्या ‘सिरु’शी लावतात. ‘पुली’ हा तमिळमधला वाघाचा शब्द; मोठी पुली म्हणजे वाघ, धाकटी ती सिरुत्तै. उत्तरेने ठिपके पाहिले, दक्षिणेने आकार. आवाज जुळला म्हणून सोयरीक जमत नाही.

राहिला आजचा व्यवहार. १९४७ मध्ये सध्याच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. खात्रीची अशी ती शेवटची नोंद, आणि १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं. जनावर गेलं आणि शब्द मोकळा पडला. मोकळा शब्द फार काळ रिकामा राहत नाही. पुढची सत्तर वर्षं मराठी वार्ताहर बिनधास्त ‘विहिरीत चित्ता पडला’, ‘गोठ्यात चित्ता शिरला’ असं लिहीत होते. ते सगळे बिबटे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे आणखी बारा आले, आणि शब्दाला मूळ धनी परत मिळाला. तेव्हापासून विहिरीत पडणारे पुन्हा बिबटे झालेत.

त्यामुळे माझा सल्ला असा. आजच्या मराठीत चित्ता म्हणजे फक्त कुनोत आणला तो, भरीव ठिपक्यांचा आणि अश्रूरेघेचा. बंगाली किंवा नेपाळी मजकुरातून काही आणताना चिताबाघ, चितुवा दिसला की बिबट्या लिहा. २०२२ पूर्वीचा हिंदी किंवा मराठी मजकूर असेल तर शब्दावर विश्वास ठेवू नका, जनावर काय करतंय ते बघा. झाडावर शिकार ओढून नेत असेल तर बिबट्या. गाडीवर टोपी घालून बसला असेल तर चित्ता. संस्कृतात ‘चित्रक’ आला तर आधी आसपास काढा उकळतोय का ते पाहा.

आणि हल्ली एक तिसरं रूप आलंय, ज्याची कोशात नोंद करायची की नाही यावर आमच्याकडे वाद चालू आहे. माझी भाची सात वर्षांची, इंग्रजी शाळेत जाते. तिच्या चित्रांच्या पुस्तकात हा प्राणी आहे आणि ती त्याला ‘चीटा’ म्हणते, साहेबाच्या जिभेवर कडक झालेल्या ट सकट. इथून गेलेला ‘त’ तिकडे जाऊन ‘ट’ होऊन परत आला, इटालियनांच्या गेपार्दोसारखा. मी तिला सांगितलं की आपण त्याला चित्ता म्हणतो. तिने पुस्तकातल्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, ‘मावशी, मग चित्ता आणि चीटा यांच्यात जास्त जोरात कोण पळतं?’